विकतची खरखर

मुलीनं तिच्या अल्बमचं पहिलं गाणं मला ऐकवलं तेव्हा मी उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली. मग दुसऱ्या टोकाची पाहिली. खरखर काही जाईना. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी चरचर, आणि तिच्या मागे एक सलग फुसकारा.

"पप्पा, वायर ठीक आहे. तो आवाज गाण्यातच आहे."

"म्हणजे रेकॉर्डिंग खराब झालंय. परत करा."

"खराब नाही झालं. मुद्दाम घातलाय."

"कोणी?"

"आम्हीच. त्याचं सॉफ्टवेअर विकत मिळतं."

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. नोकरीला लागल्यापासून काम एकच. आलेला माल मोजायचा, आणि एखाद्या नगावर ओरखडा दिसला की तो उचलून लाल खोक्यात टाकायचा. लाल खोक्यातला माल परत जातो. माझे वडीलही कंपनीत होते, तेही खराब माल बाजूला काढत आले. ओरखडे विकत आणणारी ही आमच्या घरातली पहिलीच पिढी.

मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि स्वतः गाते. यातलं शेवटचं तिला चांगलं येतं. बाकीच्या दोन गोष्टींबद्दल मी मत राखून ठेवलेलं आहे. या अल्बममध्ये आठ गाणी, काही इंग्रजी, काही मराठी, आणि सगळी जुन्या सोल संगीताच्या धर्तीवर. सोल म्हणजे काय ते तिनं मला समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं संगीत. ते त्यांच्या चर्चमधून आलं. एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, टाळ्या पडतात, आणि गाणारा बेंबीच्या देठापासून गातो. तिनं मला मूळ गाणी ऐकवली. ती चांगली होती, हे मी लगेच कबूल केलं. त्यांतही खरखर होती, पण ती त्यांच्या मशीनची होती. त्या बिचाऱ्यांनी ती मागितलेली नव्हती.

"एक जण टाकतो आणि बाकीचे उचलतात, एवढ्यासाठी अमेरिकेपर्यंत कशाला जायचं?" मी म्हणालो. "दापोडीला जा. तुझी आत्या आहे की."

मी हे टोमणा म्हणून बोललो होतो. तिनं ते सूचना म्हणून घेतलं आणि रविवारी दापोडीला गेली.

तिची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही सांगवीला फ्लॅट घेतला, ती मात्र अजून दापोडीला रेल्वेलाइनजवळच्या आमच्या जुन्या गल्लीतच राहते. तरुणपणी ती गल्लीतल्या गायन पार्टीत कोरसला होती. पार्टी म्हणजे एक गायक, पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे चार बायका. जयंतीला, कोणी गेलं की त्याच्या पुण्यानुमोदनाला, नव्या घरात बुद्धवंदना झाली की त्यानंतर, पार्टी गायची. गायक दिवसा कंपनीत फिटर आणि संध्याकाळी शाहीर. माइक दोन. एक गायकाला, आणि दुसरा पेटी, ढोलकी, बेंजो आणि चार बायका यांच्यात मिळून. या वाटपाला कोणी कधी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायची ती त्या चौघींनी, आणि त्यांचा माइक लांब.

पार्टीची एक कॅसेट निघाली होती. वर गायकाचं नाव, फेट्यातला फोटो, आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'. माझी बहीण त्या 'आणि पार्टी'मध्ये आहे. तो कोरस मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात ताईचा आवाज कुठला, हे मला आजही सांगता येत नाही. तिलाही येत नाही.

मुलगी दापोडीला गेली त्याच सुमारास ताईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. थायरॉईडची गाठ. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, काळजी नको, पण आवाजाची शीर तिथूनच जाते. क्वचित आवाज बसतो, आणि कधी कधी तो परत येत नाही. मी विचारलं, शंभरात किती जणांचा? डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्या बहिणीला आपण शंभरात कशाला धरायचं?" बोलणं गोड होतं. उत्तर नव्हतं.

ताईला ऑपरेशनची भीती नव्हती. "काढतील गाठ ती काढू दे. भाकरी गिळण्यापुरता गळा राहील," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी मला एकदा माझा आवाज ऐकायचाय. एकटीचा. पुढं उभं राहून गायलेला."

"फोनमध्ये गा आणि ऐक की," मी म्हणालो.

"फोनवर मी मटार सोलताना पण बोलते. मला माइक पाहिजे."

तेव्हा मुलीला गाण्यासाठी आत्या हवी होती आणि आत्याला माइक हवा होता. ऑपरेशनच्या आधी हे उरकायचं ठरलं. त्यांना गाडीतून नेणं-आणणं माझ्याकडे आलं, म्हणून मी पुढचं सगळं पाहिलं.

स्टुडिओ थेरगावला, डांगे चौकातून आत, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी. वर एका बेडरूमच्या भिंतींना फोम चिकटवलेला, त्याला स्टुडिओ म्हणायचं. त्याचा मालक माझ्या मुलीच्याच वयाचा. दाढी राखलेली, घरातही डोक्यावर लोकरी टोपी, बाहेर ऊन रणरणत असताना. तो स्वतःला प्रोड्यूसर म्हणवतो. आमच्याकडे प्रॉडक्शनच्या माणसाला रोज किती नग निघाले ते विचारतात. मी यालाही विचारलं.

"काका, महिन्याला एक गाणं झालं तरी फ्लो चांगला आहे," तो म्हणाला.

असा फ्लो आमच्या कंपनीत दाखवला तर माणसाला गेटच्या बाहेर फ्लो करतात.

खाली गिरणी सुरू झाली की तो दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवायचा. "नॉइज येतोय." मग गहू दळून होईपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून. तेवढ्या वेळात तो मुलीला कॉम्प्युटरवर विकतच्या खरखरीचे प्रकार ऐकवायचा. ही जरा उबदार आहे, ही धुळकट आहे, ही सत्तरच्या दशकातली. खालची फुकटची खरखर याला चालत नव्हती. तिच्यातून निदान पीठ तरी पडत होतं.

ताईबरोबर तिची शेजारीण आली होती, जुन्या चौघींपैकी एक. गाणं मराठी होतं, माझ्या वडिलांच्या कंपनीतल्या शिफ्टवर लिहिलेलं. मुलीनं आजोबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्या गाण्यात तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या, शिफ्टचा माणूस सकाळी भरलेला डबा घेऊन निघत होता. मी ही चूक दाखवली.

"पप्पा, ते प्रतीक आहे."

"डबा मी भरायचे," ताई म्हणाली. "तिसऱ्या शिफ्टचा डबा सकाळी रिकामा घरी येतो. त्याला आतून आमटीचा वास असतो."

मुलीनं तिथल्या तिथे ओळ बदलली. रिकामा डबा आला, आमटीचा वास आला. प्रतीक गेलं, ते बरं झालं.

मग टाळीचा प्रश्न निघाला. प्रोड्यूसरनं बोटांवर चार मोजून दाखवलं. "मावशी, टाळी दोन आणि चारवर. वन, टू, थ्री, फोर. फक्त टू आणि फोर."

दोघींनी एक आणि तीनवर वाजवली.

"नाही, नाही. वनवर नको."

"मग वनवर काय करायचं?" ताईनं विचारलं.

"काहीच नाही. वन सोडून द्यायचा."

"एकावर तर सगळं येऊन पडतं, बाबा. तो सोडून कसा द्यायचा?"

शेजारीण म्हणाली, "नवरीला सोडून वऱ्हाडाला हळद लावतोय हा."

त्यानं पाय एकावर आपटायला आणि टाळी दोनवर वाजवायला सांगितलं. दोघींनी पाय एकावर आपटला आणि टाळीही एकावर वाजवली. त्यानं कॉम्प्युटरवर दिवा लावून दिला, तो दोन आणि चारला लाल व्हायचा. दिवा लाल व्हायच्या आधीच यांच्या टाळ्या वाजून गेलेल्या असायच्या. मुलगी समोर उभी राहून दोन-चारवर हात दाखवत होती. तिला ते येत होतं, पण ती कानात हेडफोन घालून वाढली आहे. आमच्याकडे लग्नात, जयंतीत, वंदनेनंतरच्या गाण्यांत टाळी पडते ती एकावर. शेजारीण हसून हसून खाली बसली. "पन्नास वर्षांची सवय आहे, आता हाताला घटस्फोट द्यायला सांगतो काय?"

मीही मागे उभा राहून करून पाहिलं. दोन आणि चार हे आकडे मला समजतात. पण हाताला ते समजले नाहीत. चूक आमची होती, हे सांगायलाच हवं. त्यांच्या गाण्यात टाळी दोन-चारवरच पडते, आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्यांच्या पद्धतीनं बसावं. शेवटी प्रोड्यूसर कंटाळून म्हणाला, "जाऊ द्या. मी नंतर सरकवून घेतो."

आमच्याकडे मोजलेला आकडा नंतर सरकवणाऱ्याला नोकरीवरून काढतात. इथे त्याला कला म्हणतात.

मग ताईची पाळी आली. तिच्यासमोर एकटीसाठी माइक लावला. ती त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली. पार्टीत असल्यापासून माइक म्हटला की एवढं अंतर ठेवायचं, हेच तिला माहीत.

"मावशी, जवळ या."

ती एक पाऊल पुढे आली.

"अजून."

"अजून? तोंड लागेल की त्याला."

"लागू दे, मावशी."

ती पुढे गेली आणि गायली. हात खाली ठेवायला सांगितलं होतं, ते तिला जमलं नाही. गाता गाता ती एकावर टाळी वाजवत राहिली. आवाज जाड, साठीचा, वरच्या पट्टीत जाताना थोडा फाटणारा. खालची गिरणी बंद होती. गाणं संपल्यावर मला त्यात एकही चूक दाखवावीशी वाटली नाही. माझ्या घरचे सांगतील, असं फार वेळा होत नाही.

गाणं तयार झालं म्हणून मुलीनं आत्याला आमच्या घरी जेवायला बोलावलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलेलं. जेवणं झाली, बायकोनं चहा ठेवला, मुलीनं स्पीकर लावला. आधी खरखर आली. मग मुलीचा आवाज, पुढून. आणि मग ताईचा आवाज आला तो पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. लांबून, बारीक, वर चरचर पसरलेली. टाळ्या सरकवून दोन आणि चारवर बसवल्या होत्या. त्या कोणाच्याही असू शकल्या असत्या. मुलगी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

ताईनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मला परत मागं उभं केलंस व्हय गं?"

"नाही आत्या, तो इफेक्ट आहे. जुन्या रेकॉर्डसारखा आवाज यावा म्हणून."

"जुनं रेकॉर्ड माझ्याकडं आहे की. कॅसेट. त्यात मी अशीच येते. एवढ्यासाठी थेरगावपर्यंत कशाला नेलंस?"

तिनं चहा घेतला, ज्वारीबद्दल बोलली, बायकोला चटणीची डबी दिली आणि निघाली. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. गाडीनं सोडतो म्हटलं तर नको म्हणाली. बस आल्यावर चढता चढता म्हणाली, "पोरीला बोलू नको काही. तिला काय माहीत मागं कसं असतंय."

मी पोरीला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर मी थेट थेरगावला गेलो, बोलायचं ते प्रोड्यूसरशी बोलायला. वर पोचलो तर मुलगी आधीच तिथे बसलेली. प्रोड्यूसर तिला समजावत होता, मी आल्यावर मला समजावायला लागला.

"काका, हा व्हिंटेज अल्बम आहे. एक आवाज स्वच्छ ठेवला तर फील मरतो."

"तू ज्यांची नक्कल करतोस, त्यांनी खरखर घातली होती का?"

"घातली नव्हती. पण होती ना."

"का होती?"

"तेव्हाची मशीनंच तशी होती."

"म्हणजे त्यांचा नाइलाज होता. तू दुसऱ्याच्या नाइलाजाची फॅशन करतोस. तुझा हा माइक त्यांना मिळाला असता तर त्यांनी मोहल्लाभर पेढे वाटले असते."

"काका, तुम्ही फारच शब्दशः घेता हो सगळं."

"मला त्याचाच पगार मिळतो."

तो हसला. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "आत्याचा मूळ टेक लाव. काही न घालता."

त्यानं लावला. त्या फोमच्या खोलीत ताईचा आवाज आला, तोंडाजवळून, श्वासासकट. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. आमच्या वडिलांची तिसरी शिफ्ट, रिकामा डबा, आमटीचा वास, सगळं तिनंच लिहिलेलं होतं. पण ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असावं.

"हाच ठेव," ती म्हणाली. "आणि पुढं आण."

"होणार नाही. तिच्या टाळ्या तिच्याच माइकमध्ये आल्यात. टाळी सरकवली तर आवाज सरकतो. मी बाकीच्या टाळ्यांनी झाकून, आवाज मागं टाकून ते जमवलं होतं. तिला पुढं आणलं तर टाळी वनवर राहील, आणि माझे ड्रम टू आणि फोरवर आहेत. सगळा गोंधळ दिसेल."

"दिसू दे."

"मग तुझा आवाज कुठं ठेवू? दोघी पुढं बसणार नाहीत."

मुलगी म्हणाली, "मला मागं टाक. तुझं ते सगळं माझ्या आवाजाला लाव. खरखर, तो डब्यातला आवाज, काय असेल ते. मी कोरसला."

"अरे, पण अल्बम तुझा आहे!"

"गाणं आत्याचं आहे."

प्रोड्यूसरनं माझ्याकडे पाहिलं, मदतीसाठी असावं. चुकीच्या माणसाकडे पाहिलं त्यानं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली आणि काम सुरू केलं. टोपीखाली केस आहेत हे मला तेव्हा कळलं.

जे तयार झालं ते सोल आहे की नाही, मला सांगता येणार नाही. ड्रम दोन-चारवर आणि टाळी एक-तीनवर, एका भिंतीचे दोन शेजारी भांडावेत तसं. मुलगी लांबून, खरखरीतून ओळ उचलते. पुढे ताई, तोंडाजवळून. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी हॉस्पिटलच्या कॉटवर बसून तिनं ते मुलीच्या हेडफोनवर ऐकलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले होते, कोणी काढून नेईल अशा धास्तीनं. संपलं, तशी तिनं परत लावायला सांगितलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात श्वास तुटलाय. तेवढं परत घेऊ या."

"उद्या ऑपरेशन आहे, ताई," मी म्हणालो.

"मग राहू दे. तुटलेला तर तुटलेला. माझाच आहे."

मुलीनं फोनवर गाण्याचं पान दाखवलं. गायिका म्हणून आत्याचं पूर्ण नाव होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'.

"पार्टीत कोण?" ताईनं विचारलं.

"मी."

"एकटीच? चार लागतात गं."

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. आवाजाचं मात्र अजून कळत नाही. सध्या तिच्या घशातून नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात, काही महिने थांबा, बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. मी परत विचारलं, शंभरात किती. ते परत गोड बोलले.

अल्बम आता बाहेर आला आहे. बाकीच्या सात गाण्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. सात गाण्यांत चांगला आवाज पैसे देऊन खराब केलेला आहे, आणि मुलीचे मित्र त्याला डेप्थ म्हणतात. मुलीनं विचारलं तेव्हा मी तिला हेच सांगितलं. "सात नाही आवडली, पण आठवं आवडलं म्हणता ना?" ती म्हणाली. मी म्हणालो, आठव्यात तुझी खरखर आहेच की. पण ती मागं आहे, तिथं बरी वाटते.

परवा ताईचं ड्रेसिंग होतं म्हणून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. बसल्या बसल्या तिनं फोनवर गाणं लावलं, तेही स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पट्टी सोडायला आलेल्या सिस्टरनं विचारलं, "छान आहे हो. कोण गातंय, आजी?"

ताईनं बोट गळ्यावरच्या पट्टीकडे केलं.

"तुम्ही? काय सांगता! पण आता बोलू नका हं अजिबात."

ताई कुठं बोलत होती? ती टाळी वाजवत होती, एकावर. सिस्टरनं पट्टी सोडायला कात्री हातात घेतली आणि म्हणाली, "हात हलवू नका." तेवढं मात्र ताईनं ऐकलं नाही.